विंगेतली सुतळी गाण्यात कशी आणायची?

विंगवाली

मंडळी, आमच्या एका छोट्या गटासाठी गाणी लिहितेय. गिटार, पेटी, ढोलकी आणि दोन गळे, एवढाच संसार. सगळे नाटकाच्या विंगेत वावरणारे. कुणी लाइट बघतं, कुणी सेटच्या भिंती, म्हणजे फ्लॅट, लावतं, प्रॉपर्टी, म्हणजे प्रयोगात लागणाऱ्या वस्तू, माझ्याकडे. आता गटाचं म्हणणं पडलं की एक तरी गाणं आपल्या कामातलं हवं.

अडचण अशी की नाटकाबद्दल गाणं म्हटलं की लेखणी आपोआप पडदा, मुखवटा, कळसूत्री बाहुली आणि 'जीवन हा रंगमंच' इकडे वळते. या शब्दांचा अर्थ ऐकणाऱ्याला ओळ संपायच्या आत ठाऊक असतो. ते बोलण्यातही पार मुरलेत. निवडणूक आली की पडद्यामागे हालचाली होतात, सूत्रं कुणीतरी हलवतं, आंदोलनाची नांदी होते. पेपरातल्या मथळ्यांनी जे वापरून संपवलं ते मी गाण्यात कशाला घेऊ?

म्हणून विंगेत खरोखर काय असतं ते लिहून काढलं. सुतळीचं बंडल. काळी टेप. चुका (बारीक खिळे) आणि मोळे एकाच डब्यात. पुठ्ठ्याच्या पाठीवर लिहिलेली प्रॉपर्टीची यादी. खोबरेल तेलाची बाटली. सेफ्टी पिना. दिव्यापुढे लावायचा, मधोमध उडालेला निळा जिलेटिन. पायरीच्या कडेला अंधारात चमकणारी रेडियमची पट्टी. लोखंडी वजनं. दारू म्हणून प्यायचा कोरा चहा.

यातलं गाण्यात काय जाईल, आणि कसं? 'तू माझी सुतळी, मी तुझा खिळा' असलं काही होऊ नये एवढीच इच्छा.

उपनगरी

मुंबईत फ्लॅट आणि प्रॉपर्टी दोन्ही हाताशी असलेली तुम्हीच मंडळी! त्यावरच लिहा की. 'बारा फ्लॅटचा मालक मी, रात्री टेम्पोत झोपतो.'

पेटीमास्तर

उपनगरी, हसलो. पण ही कोटी झाली. पहिल्यांदा टाळी घेते, दुसऱ्यांदा ऐकताना लोक मोबाइल काढतात. गाणं पन्नास वेळा ऐकायची वस्तू आहे.

विंगवाली, यादी झकास आहे. मात्र त्यातला कोरा चहा आधी काढून टाका. खोटी दारू म्हणजे खोटं जग, हे इतक्या पटकन हाताशी येतं की लिहिणाऱ्यालाच संशय यायला हवा.

गिरगावकर_नाना

चांगला धागा. थोडं जुनं सांगतो, कामाचं वाटलं तर घ्या.

१८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी नाटक उभं केलं तेव्हा पदं म्हणायचा तो सूत्रधार. तोच गायचा आणि पात्रं त्याप्रमाणे रंगणात यायची. म्हणजे गाणारा आणि खेळ चालवणारा एकच माणूस. गाण्याचं आणि विंगेचं नातं तुम्ही म्हणता तितकं नवं नाही.

मग आले रंगवलेले पडदे. जंगलाचा पडदा, राजवाड्याचा पडदा, रस्त्याचा पडदा. कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबुराव पेंटर या दोघांनी नाटक कंपन्यांसाठी असे पडदे रंगवले. लोक नुसता पडदा बघून वाहवा करायचे. पुढे १९३३ साली मुंबईत 'नाट्यमन्वंतर' या नाट्यसंस्थेने वास्तववादी दिवाणखाना रंगमंचावर आणला आणि पडद्यांची सद्दी ओसरत गेली.

माझा मुद्दा असा. पडद्याच्या काळात खोटेपणा सगळ्यांसमोर टांगलेला असायचा, कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. भिंतींचा सेट आला आणि खोटेपणा मागच्या बाजूला गेला. पुढून चुन्याची भिंत, मागून पट्ट्या आणि खिळे. गीतकार मंडळी अजून पडद्यातच अडकलेत. त्यांना भिंतीची मागची बाजू दाखवा.

सुतारपक्षी

नाना, आमच्या पोटापाण्यावर आलात, म्हणून लिहितो. आयुष्य सेट ठोकण्यात गेलं. शिवाजी मंदिर, दामोदर, साहित्य संघ, दीनानाथ, ठाण्याचं गडकरी, सगळीकडचं सामान खांद्यावरून गेलंय.

ताई, फ्लॅट म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. लाकडाची चौकट करायची, तिच्यावर मांजरपाट ताणून चुकांनी मारायचा. पूर्वी त्याला सरसाची खळ द्यायचो, म्हणजे कापड ताठ व्हायचं आणि रंग धरायचं. पावसाळ्यात त्या सरसाला असा वास सुटायचा की नायिका नाकाला पदर लावून प्रवेश करायची, आणि प्रेक्षकांना वाटायचं बाई रडतेय. आता बरेचदा प्लाय मारतात. वजन वाढतं पण वास नाही.

हा फ्लॅट स्वतःच्या बळावर उभा राहत नाही. मागून तिरका ब्रेस, म्हणजे टेकू, लावावा लागतो, आणि ब्रेसच्या पायावर लोखंडी वजन. दोन फ्लॅट एकमेकांना जोडायला सुतळी किंवा बिजागरी. नायकाने रागाने दार आपटलं की अख्खी भिंत थरथरते. ती धरायला आम्ही मागे हात लावून उभे. नायक चांगला असला तर आधी सांगतो, 'आज जोरात आपटणार आहे हां मामा.'

अजून एक. एका नाटकाची भिंत दुसऱ्या नाटकाला जाते. त्यावर नवा रंग. मग तिसऱ्याला. रंगाचे थर साचून फ्लॅट जड होतो आणि कोपऱ्यात पापुद्रा उडाला की खालून आधीच्या नाटकाची भिंत डोकावते. एकदा कोर्टाच्या भिंतीतून गुलाबी शयनगृह डोकावत होतं. आरोपीच्या पिंजऱ्याच्या बरोबर मागे.

आता यातलं गाण्यात काय न्यायचं ते तुमचं काम. मला विचाराल तर वस्तू कशी दिसते ते सोडा, ती कोणतं काम करते ते बघा. सुतळी दिसायला काय, किराणा दुकानात पण तीच.

विंगवाली

मामा, शेवटचं वाक्य लाखाचं. सुतळीवरच बसले मग. तिचं काम बांधायचं. पण सेट काढताना घाईत गाठ सोडत कुणी बसत नाही, ती कापतात. फ्लॅट टेम्पोत चढतो आणि चौकटीवर गाठ तशीच राहते. त्यावरून हे सुचलं:

सुतळी सुटली, गाठ राहिली
भिंत कधीची निघून गेली

पेटीमास्तर

वा. सोळा मात्रा, दोन्ही ओळी. सुतळी चार, सुटली चार, गाठ तीन, राहिली पाच. केरवा आठ मात्रांचा ताल, त्याची दोन आवर्तनं बिनबोभाट बसतात. पहिला 'सु' समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, आणि दुसरा पाचव्या मात्रेवर, खालीच्या जागी येतो, ढोलकीवाल्याला आयतं काम. 'राहिली'च्या 'ली'वर आवाज सोडता येतो.

आणि रूपक म्हणून बघा. नाटक, रंगमंच, विंग, यातला एक शब्दही नाही. ज्याने सेट बघितलाय त्याला सेट दिसेल, बाकीच्यांना घर दिसेल, माणूस दिसेल.

शंकासुर

रंगाचा बेरंग करायला आलो, नावाला जागतो.

ओळी चांगल्या आहेत, वाद नाही. पण जरा थांबा. सुतळी चालली, कारण सुतळी घरोघरी असते. उद्या तुम्ही ब्रेस, डिमर, सायक्लोरामा घेऊन आलात तर काय? विरार लोकलमध्ये एका पायावर उभं राहून कानात गाणं घातलेल्या माणसाला ब्रेस म्हणजे दाताची तार. नाटकवाल्यांची एक खोड आहे. स्वतःच्या जगाचं त्यांना इतकं कौतुक की तिसरी घंटा म्हटलं की सगळ्यांच्या अंगावर काटा येतो असं त्यांना वाटतं. माझ्या सोसायटीत तिसरी घंटा म्हणजे पाण्याची.

दुसरं असं की सुतळी सुटली तर गाठ कशी राहील? सुटते तीच गाठ ना? कापली म्हणा.

सुतारपक्षी

शंकासुर साहेब, सुतळी तुटूनही सुटते. आम्ही 'सुटली' म्हणतो तेव्हा पकड गेली असा अर्थ. गाठ राहते चौकटीच्या पट्टीला. मी अशा गाठी पटाशीने काढल्यात.

कात्री

मी कपडेपट बघते, त्यामुळे या चर्चेत माझीही सुई.

शंकासुर यांचा मुद्दा सोडून देण्यासारखा नाही, पण त्याचं उत्तर आपल्याच संतांनी देऊन ठेवलंय. सेना न्हावी बघा. विवेकाचा आरसा दाखवतो, वैराग्याचा चिमटा हलवतो. न्हाव्याच्या धोपटीतली हत्यारं आहेत ती. त्यात आरसा तुम्हाला तुमचं तोंड दाखवतो आणि चिमटा नको ते उपटतो. दुकानात जे काम, तेच अभंगात.

आणि नामदेव तर शिंपी. गुरु ग्रंथ साहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत. त्यातल्या एकात मन हा गज आहे, मापाचा, हत्ती नव्हे, आणि जीभ ही कात्री. मापून मापून यमाचा फास कापत जायचा. पुढे सोन्याची सुई आणि रुप्याचा दोरा येतो. शिंपीकाम न येणाऱ्यालाही हे पोचतं, कारण मापणं आणि कापणं हे शब्दातच घडताना दिसतं. गज किती इंचांचा हे माहीत असायची गरज नाही.

तेव्हा ब्रेस नको म्हणू नका. ब्रेस हा शब्द नको, ब्रेस जे करतो ते घ्या.

जाता जाता रंगपटातलं एक. मिशी लावायचा स्पिरिट गम म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली राळ. नवखी पोरं काय करतात, गोंद लावला रे लावला की मिशी दाबतात. ती सरकते. जाणता माणूस गोंद लावतो, बोटाने टपटप करत थांबतो, स्पिरिट उडून जातं, गोंद तारा सोडायला लागला की मगच केस टेकवतो. आणि काढताना खोबरेल लावलं नाही तर ओठावरची कातडी बोंब मारते. यावर कुणीतरी लिहा.

विंगवाली

कात्रीताई, घ्या:

थोडे सुकले, तेव्हा जडले

पुढची ओळ येत नाहीये. 'त्वचा' घालून पाहिलं, लगेच क्रीमची जाहिरात झाली.

पेटीमास्तर

एवढीच ठेवा. ध्रुवपदात परत परत येऊ द्या. चारही शब्द चार-चार मात्रांचे, पाठही होईल. गोंदाचं नाव घेऊ नका म्हणजे झालं.

उपनगरी

लग्नाला वीस वर्षं झालेल्या माणसाने ही ओळ वाचली आहे आणि तो गप्प आहे.

निळा_जिलेटिन

इतका वेळ वाचत होतो. यादीतल्या दोन वस्तू माझ्या, तेव्हा बोललंच पाहिजे.

पहिली जिलेटिन. नव्वद टक्के लोकांना वाटतं लाल कागद दिव्याला लाल रंग देतो. देत काहीच नाही. पांढऱ्या उजेडात सगळे रंग आधीपासून असतात. लाल जिलेटिन त्यातला लाल तेवढा सोडतो आणि बाकीचे अडवतो. जे अडवतो ते त्याच्या अंगात उष्णता म्हणून मुरतं. म्हणून गडद निळा सगळ्यात लवकर मरतो, कारण त्याला सगळ्यात जास्त अडवावं लागतं. हजार वॅटच्या पार दिव्यापुढे लावलेला निळा काही प्रयोगांनी मधोमध फिका पडतो, मग विरतो, मग भोक. कडा मात्र नव्याकोऱ्या. विंगवालीच्या यादीत 'मधोमध उडालेला' आहे तो हाच. हल्ली एलईडी आले, तिथे जिलेटिन लागतच नाही, रंग बटणावर. सोय झाली. पण एलईडीवर मला एकही ओळ सुचलेली नाही, हे पण सांगून ठेवतो.

ओळ अशी सुचली:

तुझ्यातुनी मी लाल पाहिले
बाकी सगळे तुझ्यात जळले

दुसरी वस्तू रेडियमची पट्टी. ब्लॅकआउटमध्ये नटाला पायरी दिसावी, टेबलाचा कोपरा मांडीत घुसू नये म्हणून चिकटवतात. ती स्वतः उजेड बनवत नाही. आधी तिच्यावर उजेड पडलेला असेल तरच अंधारात चमकते. आधीचा प्रवेश मंद निळ्यात असेल तर पुढच्या अंधारात पट्टी मेलेली. मग मध्यंतरात आम्ही तिच्यावर टॉर्च मारून ठेवतो.

यावर विंगवालीने लिहावं, पट्टी चिकटवायचं काम तिचंच.

शंकासुर

'बाकी सगळे तुझ्यात जळले'. मान्य. टोपी काढली. इथे जिलेटिन माहीत नसला तरी काही बिघडत नाही, आणि माहीत असला तर अंगावर येतं.

गिरगावकर_नाना

सुरेख! पुढील लेखनास शुभेच्छा.

विंगवाली

निळ्या, ओळ ढापणार आहे. रेडियमचं हे:

उजेड असता भरून घे तू
काळोखाला किती पुरावे

शंकासुर

उपदेश. 'घे तू' आलं की शाळेचा फळा डोळ्यापुढे येतो, वर रोजचा सुविचार.

कात्री

शंकासुर बरोबर बोलतायत, दुर्मिळ योग. पट्टीला बोलू दे. सल्ला देणारी तू बाजूला हो.

विंगवाली

बरं. पट्टीच बोलतेय:

जरा मिळाला उजेड, प्यालो
काळोखाला पुरून उरलो

पेटीमास्तर

हे! 'पुरून उरलो' म्हणजे मराठीने हातात ठेवलेलं आयतं हत्यार. चालीलाही छान, 'उरलो'वर वरचा षड्ज लावून सोडून द्या. हात लावू नका आता याला.

निळा_जिलेटिन

मास्तर, क्षमा असावी, पण हे खोटं आहे. रेडियम काळोखाला पुरून उरत नाही. पहिली काही मिनिटं झकास, मग मंद होत जातं. लांब ब्लॅकआउटात शेवटी शेवटी आम्ही अंदाजानेच चालतो. सगळी मजा तर त्यात आहे. उजेड उसना आहे आणि तो संपतोय. 'पुरून उरलो' म्हटलं की पट्टी एकदम शूरवीर होते.

पेटीमास्तर

गाणं म्हणजे कुठला दिवा कधी लावायचा ते लिहिलेली लाइटची क्यू शीट नव्हे हो. ऐकणारा काही घड्याळ लावून बसत नाही.

निळा_जिलेटिन

बसत नाही. पण वस्तूच्या कामातून ओळ काढायची असं वर सुतारमामांनी सांगितलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मग काम सोयीचं नसलं की वाक्प्रचाराच्या मागे लपायचं? ते 'जीवन हा रंगमंच'वालेही हेच करतात. त्यांचा शब्दही गोड लागतो.

कात्री

मी निळ्याच्या बाजूने. नामदेवांनी जिभेला सुई म्हटलं असतं तर मात्रा बसल्या असत्या, पण सुई कापत नाही.

पेटीमास्तर

मग पर्याय द्या. तक्रार सोळा मात्रांत करा.

निळा_जिलेटिन

काळोखाला थोडा पुरलो

पेटीमास्तर

आठ, चार, चार. बसतं. मला आवडत नाही, पण बसतं.

विंगवाली

दोन्ही म्हणून बघितल्या. आमची गाणारी मुलगी म्हणते 'पुरून उरलो' गाताना छाती फुगते आणि 'थोडा पुरलो' गाताना आवाज आपोआप खाली येतो. तिला खाली आलेला हवाय. 'थोडा पुरलो' ठेवते. मास्तर, वरचा षड्ज दुसऱ्या गाण्यासाठी राखून ठेवू.

सुतारमामांच्या भिंतीवरून एक अंतरा केलाय, तोही बघा:

खिळा उपटला, भोक राहिले
लांबी भरली, रंग लावला
तिरपा उजेड पडता दिसते

सुतारपक्षी

लांबीला, म्हणजे भोकं बुजवायच्या पुट्टीला, गाण्यात आणणारी तुम्ही पहिली असाल! आणि खरं आहे अगदी. समोरून दिवा असला की भिंत गुळगुळीत, बाजूने आला की एकेक खड्डा उठून दिसतो. म्हणून आम्ही निळ्यासारख्या लोकांना सांगत असतो, बाजूचा दिवा भिंतीपासून जरा लांब ठेवा. ते ऐकत नाहीत.

उपनगरी

एक नाजूक सूचना. पहिली ओळ कॉलेजच्या फेस्टिव्हलमध्ये म्हणून बघा. 'भोक राहिले'ला मागच्या रांगेतून जे हसू येईल त्यात लांबी, रंग, उजेड सगळं वाहून जाईल.

कात्री

उपनगरींचं या धाग्यावरचं सर्वात मौलिक योगदान. +१

गिरगावकर_नाना

'छिद्र' चालेल.

शंकासुर

नाना, 'छिद्र' म्हटलं की ओझोनचा थर येतो.

विंगवाली

खिळा उपटला, खूण राहिली

मात्रा तेवढ्याच. शिवाय 'गाठ राहिली'शी यमक जुळलं, आणि शेवटचं 'दिसते' आता खुणेचं झालं.

सुतारपक्षी

आणि खूण सुताराचीच. पेन्सिल कानावर असते ती त्यासाठीच.

पेटीमास्तर

सुंदर. आता एकत्र लावून बघू. मुखडा 'सुतळी सुटली'. ध्रुवपद 'थोडे सुकले, तेव्हा जडले'. अंतरे तीन: जिलेटिन, रेडियम, खिळा. माझं मत, जिलेटिन शेवटी ठेवा. खिळ्याचा अंतरा तीन ओळींचा आहे, त्याला चौथी ओळ लावायचा मोह आवरा. त्या रिकाम्या आवर्तनात पेटी वाजू दे.

चाल साधी ठेवा. शब्दात इतक्या खरखरीत वस्तू असताना चालीत मुरक्या घेतल्या तर सुतळीला जरीकाठ लावल्यासारखं होईल.

शंकासुर

यातला एकही माणूस 'हे गाणं रंगमंच कामगारांना समर्पित' असं गाण्याच्या आधी बोलणार नाही ना? माइक हातात आला की लोकांना राहवत नाही. ते बोललात की ऐकणारा प्रत्येक ओळीत स्टेज शोधत बसेल आणि स्वतःचं घर त्यात आणणार नाही.

निळा_जिलेटिन

याला कडक विरोध. लोकांना कळू दे की हे कुठून आलं. प्रयोगानंतर नट बाहेर सेल्फी देतात तेव्हा आम्ही आत केबल गुंडाळत असतो. एकदा तरी नाव घ्या.

शंकासुर

नाव घ्या, गाणं संपल्यावर. आधी नको.

विंगवाली

संपल्यावर घेऊ. गाणं झालं की कुणी काय करतं ते एकेकाचं नाव घेऊन सांगायचं, भाषण नाही. गटाला विचारलं, सगळे तयार.

सुतारपक्षी

सगळं झालं, पण ताई, ब्रेस राहिला. जिलेटिन आला, गोंद आला, लांबीसुद्धा आली. उभी भिंत ज्याच्या जिवावर उभी, तोच नाही. थोडं वाईट वाटलं. मास्तर, बसवून दाखवा सोळा मात्रांत. ब्रेस म्हणायचं नाही ही कात्रीताईंची अट मान्य.

पेटीमास्तर

मामा, आव्हान घेतो. रात्री विचार केला.

तिरका राहुन तुला उभवले
मागे डोकावले न कोणी

सुतारपक्षी

वाचून दाखवलं घरात. मंडळी म्हणाली, हे तर माझ्यावर आहे.

शंकासुर

पहिली ओळ या धाग्यातली सर्वात चांगली. दुसरी कापा. पहिलीत तो काम करतोय, दुसरीत सहानुभूतीसाठी वाडगा पुढे करतोय.

पेटीमास्तर

यमक अर्धवट आहे म्हणून मलाही ती टोचत होतीच. पण एकटी ओळ लटकेल.

कात्री

लटकू दे. शेवटच्या 'थोडे सुकले'च्या आधी एकदाच येईल, परत नाही.

विंगवाली

घेतली. दुसरी ओळ मास्तरांना साभार परत. तालीम शनिवारी परळला, ढोलकीवाला उशिरा येणार आहे, तोवर ज्याला जमेल त्याने टाळ आणावेत.